उसनवारीची पत

आमच्या गावात उसनं मागायची एक रीत होती. पीठ, साखर, चहाची पत्ती, रॉकेल, फार काय, चुलीतला विस्तवसुद्धा शेजारून यायचा. घेताना वाटी सपाट घ्यायची आणि परत करताना शिगोशीग भरून द्यायची. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण जिची परतीची वाटी सपाट यायची तिची चर्चा पाणवठ्यावर व्हायची. माझी आई पीठ परत करताना वाटीवर हाताने आणखी एक चिमूट सोडायची. ते व्याज नव्हतं. पुन्हा मागायला येईन तेव्हा तोंड वर करून येता यावं, एवढ्यासाठी ती चिमूट.

आळीत एक घर मात्र असं होतं, की त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलंच नाही. घरात सगळं भरलेलं. त्यांना कुणी वाईट म्हणत नसे, पण त्यांच्या दारात मागायलाही कुणी जात नसे. आई म्हणायची, "ज्यांना कधी नड पडली न्हाई, त्यांना आपली नड काय कळंल?" हे तिचं म्हणणं पुढं पन्नास वर्षांनी एका बँकेच्या टेबलावर, अगदी वेगळ्या भाषेत, मला पुन्हा ऐकायला मिळालं.

माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, आयुष्यभर कर्जाच्या वाटेला गेले नाहीत. विहीर खणली ती ज्वारी विकून टप्प्याटप्प्यानं, आठ वर्षांत. सोसायटीचे सभासद असून एका पैशाची उचल नाही. सातबारा कोरा. वयाची साठी उलटल्यावर त्यांना दोन संकरित गाई घ्यायच्या होत्या आणि त्यांनी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. टेबलामागं नातवाच्या वयाचा पोरगा. त्यानं आधार आणि पॅनचा नंबर टाकला, पडद्याकडं बघितलं आणि मोठ्या अदबीनं म्हणाला, "बाबा, तुमची क्रेडिट हिस्ट्रीच दिसत नाही. स्कोअर येत नाहीये."

तात्यांना एवढंच कळलं, की आपला इतिहास नाही असं हा म्हणतोय.

"म्हणजे बुडवलंय का म्या कुणाचं?"

"नाही हो. तुम्ही घेतलंच नाही कधी. म्हणून कळत नाही, तुम्ही फेडाल की नाही ते."

तात्या परत आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग पारावर बसून एकदाच म्हणाले, "चोरी केली न्हाई, म्हणून साव आहे का चोर आहे ते कळत न्हाई म्हणत्यात. घ्या आता!" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री आईची ती आळीतल्या घराची गोष्ट आठवली आणि वाटलं, त्या पोराचं काही अगदीच चुकत नव्हतं.

गावाकडं आता 'सिबिल' हा शब्द सर्रास झालाय. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसं. खरं तर सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती 2000 साली निघाली. 2005 साली अशा कंपन्यांसाठी कायदा झाला आणि आज देशात त्या चार आहेत. तुमचं कर्ज, कार्डाचं बिल, तुम्ही कुणाला जामीन राहिलात ते, सगळं बँका त्यांना कळवतात. त्यातून 300 ते 900 मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या पुढं असला की बँकेतली माणसं खुर्ची देतात. अहवालात मागच्या 36 महिन्यांचा एकेक महिना मांडलेला असतो. हप्ता वेळेवर आला की उशिरा, उशिरा असेल तर किती दिवस. दिवस लिहिलेले असतात, कारण लिहिलेलं नसतं. मला नेहमी अडतं ते इथंच.

कारण माहीत असलेली पत आम्ही बघितलेली आहे. आजाचं खातं पेठेतल्या एका दुकानात होतं. लांबट चोपडी, लाल कापडाचं बासन, मोडीतली अक्षरं. आजाला मोडी येत नव्हती आणि बाळबोधही येत नव्हतं. ज्वारीची खळी झाली की निम्मं भागवायचं, उरलेलं कांद्याची पट्टी आली की. एका वर्षी ऐन पेरणीत बैल गेला. दुकानदार स्वतः येऊन म्हणाला, "पाटील, यंदा राहू द्या. बैलाचं आधी बघा." त्याच्या चोपडीत ती बाकी पुढं ओढली गेली, पण आजाची पत कमी झाली नाही. बैल मेलेला त्यानं डोळ्यांनी बघितला होता.

हे सांगताना पुष्कळांचे डोळे पाणावतात आणि 'जुनं ते सोनं' म्हणायची घाई होते. मला ती घाई नको वाटते. तोच दुकानदार गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाईला ओट्याखाली उभी करायचा. तिला रोखीशिवाय मीठ मिळत नसे. तिचा नवरा सालगडी असेल तर मालकाकडून घेतलेली उचल हेच त्यांचं कर्ज, आणि फेड म्हणजे पुढचं साल. ते साल संपताना आणखी उचल. तिच्या घरात बैल मेला नाही, मूल मेलं, तरी 'यंदा राहू द्या' म्हणायला कुणी आलं नाही. दुकानदाराला कारण ठाऊक असायचं तशी जातही ठाऊक असायची. तो डोळ्यांनी बघून पत ठरवत होता, आणि त्याचे डोळे सगळ्यांकडं सारखे बघत नव्हते.

शिवाय चोपडी त्याच्याच हातात. त्यात काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं. आमच्या भागाला हे वेगळं सांगायला नको. सुपं आमच्यापासून लांब नाही. तिथं 12 मे 1875 ला, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, सरकारी सारा वाढला होता आणि सावकारांनी हात आखडून दरखास्ती लावल्या होत्या. हे लोण पुण्या-नगरच्या कितीतरी गावांत पसरलं. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे, गहाणखतं, हुकूमनामे बाहेर काढून जाळले. ज्यानं कागद मुकाट्यानं दिले त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. आपल्याच नावाचा, पण आपल्याला वाचता न येणारा इतिहास त्यांनी जाळला. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. न्यायाधीशानं नुसता रोखा न बघता त्याच्या मागचा सगळा व्यवहार उकरून बघावा आणि भरलेल्या पैशाची पावती नि हिशेबाचा उतारा मागायचा हक्क कुळाला असावा, अशी त्यात सोय होती. रोख्यामागं जाऊन बघा, हे त्या वेळच्या सरकारला सुद्धा पटलं होतं.

आज आपला अहवाल आपल्याला वर्षातून एकदा पूर्ण आणि फुकट मागता येतो. चूक असेल तर तक्रार करता येते. सुप्याच्या माणसांना हे मिळालं असतं तर? मी गावातल्या पोरांना सांगतो, बाकी काही नाही तर तेवढा कागद काढून वाचा. एकाच्या अहवालात त्याच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचं दुचाकीचं कर्ज चिकटलेलं निघालं. ते काढायला त्याला चार महिने लागले, पण निघालं.

आणि गावकुसाबाहेरच्या त्या बाईची नातसून? ती बचत गटात आहे. महिन्याला शंभर रुपये, दहा-बाराजणी, एक वही. गटातून आधी शिलाई मशीन घेतलं, ते फेडलं, मग बँकेतून घरगुती पिठाच्या गिरणीला कर्ज. आता आमच्या आळीतल्या बायका तिच्या दारात दळण घेऊन जातात. तिच्या अहवालावर आडनाव असतं, पत्ता असतो, पण आकडा काढताना ते धरत नाहीत. तिनं मला आकडा दाखवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी यंत्राची करणी म्हणून नावं ठेवणार नाही. जो कारण बघत नाही तो जातही बघत नाही, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. (गावात आठवड्याच्या हप्त्याचे फायनान्सवालेही फिरतात आणि एकाचं घेऊन दुसऱ्याचं भरण्याचा जो खेळ चालतो, तो वेगळा विषय आहे.)

मग प्रश्न उरतो तो हा, की वेळेवर फेडलं एवढ्यावरून माणूस ओळखावा का? दोन माणसं सांगतो. दोघंही आमच्याच गावातली.

पहिल्याचं सोसायटीचं पीककर्ज एक लाख ऐंशी हजार. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं, म्हणून मार्चअखेर भरण्याची सगळ्यांची धडपड असते. याच्याकडं पैसे नसतात. मग तो खाजगीतून पंधरा दिवसांसाठी शेकड्याला दोन रुपये मोजून रक्कम उचलतो, सोसायटीत भरतो, एप्रिलात नवं कर्ज उचलतो आणि खाजगीवाल्याला परत करतो. याला आमच्याकडं 'नवं-जुनं करणं' म्हणतात. 3,600 रुपये गेले, मुद्दल जिथल्या तिथं. पण कागदावर हा माणूस सहा वर्षं वेळेवर फेडतोय. आकडा झक्क.

दुसऱ्यानं बँकेकडून पाइपलाइनीला कर्ज घेतलं होतं. 2018 साली राज्यातले 151 तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचाही होता. दावणीला पाच जनावरं. हप्त्याचे पैसे त्यानं चाऱ्याला घातले. ते करताना बँकेत जाऊन साहेबाला सांगून आला, "जनावरं वाचवतो, मग तुमचं देतो." पुढच्या पावसाळ्यानंतर दंडव्याजासह पै न पै भरली. त्याच्या अहवालावर मात्र ते महिने तसेच, उशिराचे दिवस घेऊन, उमटलेले. पुढं पोराच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेला तेव्हा त्याला त्या महिन्यांबद्दल विचारलं. साहेब बदलून गेला होता.

गावाला विचारा, यातल्या कुणाला डोळे झाकून पैसे द्याल? एकही माणूस पहिल्याचं नाव घेणार नाही. पहिला वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. तो बिचारा नियमानंच चालतोय आणि सोसायटीच्या सगळ्यांना ते माहीत आहे. पण त्याच्या खात्यावर जे दिसतं ते फेडणं नव्हे, फेडल्याची तारीख आहे. दुसऱ्यानं दिलेला शब्द वाकला, मोडला नाही, आणि वाकवताना त्यानं कुणाला अंधारात ठेवलं नाही. नीतीच्या हिशेबात हे फार मोठं असतं. आकड्याच्या हिशेबात त्याला रकानाच नाही. कर्जमाफीनं तर हा गोंधळ आणखीच वाढवला. 2017 साली थकलेल्याला दीड लाखापर्यंत माफी मिळाली आणि वेळेवर फेडणाऱ्याला फेडीच्या पंचवीस टक्के, तेही जास्तीत जास्त पंचवीस हजार. त्या वर्षी चहाच्या टपरीवर 'प्रामाणिक' हा शब्द शिवीसारखा वापरलेला मी ऐकलाय.

आता कार्डाचं. माझा भाचा चाकणला एका कारखान्यात आहे. तात्यांची हकीगत ऐकून तो म्हणाला, "सोपं आहे मामा. बँकेत पंधरा-वीस हजारांची ठेव ठेवायची, तिच्यावर क्रेडिट कार्ड मिळतं. महिन्याला थोडी खरेदी करायची, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि बिल तारखेच्या आधी सगळं भरायचं. वर्षभरात स्कोअर तयार."

तात्या म्हणाले, "माझंच पैसं ठिवायचं, माझ्याच पैशावर उधारी करायची आन् मीच फेडून दाखवायची. म्हणजे तालमीत एकट्यानंच कुस्ती खेळायची आन् एकट्यानंच फेटा बांधून घ्यायचा."

यात मौज आहे, तसाच प्रश्नही आहे. गरज नसताना, केवळ आपण फेडतो हे दाखवण्यासाठी कर्ज घेणं हे खरेपणाचं आहे का? मी बराच विचार केला. मला त्यात खोटेपणा वाटत नाही. आईसुद्धा कधीकधी घरात साखर असताना शेजारणीकडं वाटीभर मागायला जायची, विशेषतः नवीन बिऱ्हाड आलं की. येणं-जाणं सुरू व्हावं म्हणून. मागणं हीही ओळख करून देण्याची एक तऱ्हा होती. फरक एवढाच, की शेजारीण आईला ओळखायला लागली तशी आईही शेजारणीला ओळखायला लागली. कार्डाच्या व्यवहारात ओळख एकाच बाजूची होते.

आणि त्या बाजूला फायद्याचा हिशेब आहे हे विसरून चालत नाही. भाच्याच्याच खोलीवरचा एक पोरगा, आमच्याच तालुक्यातला, बिलावर छापलेली 'किमान रक्कम' तेवढी भरायचा. समजा वीस हजारांचं बिल. त्यानं हजार भरले. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर सातशे व्याजातच गेले, त्याच्यावरचा कर वेगळा. मुद्दलातून दोनशे रुपये कमी झाले नाहीत. त्याला वाटायचं आपण वेळेवर भरतोय, आणि किमान रक्कम वेळेवर भरणाऱ्याच्या नावावर थकबाकीचा शेरा पडत नाही हेही खरं. मी त्याला म्हणालो, "आपल्या भाषेत सांग की. शेकडा साडेतीन रुपयांनी उचललेत तू." तो चमकलाच. त्याच्या बापाला गावातल्या माणसानं शेकडा तीननं पैसे दिले होते तेव्हा याच पोरानं त्या माणसाला रक्त पिणारा म्हटलं होतं. टक्के म्हटलं की नोकरीतलं वाटतं, शेकडा म्हटलं की सावकारी. दर तोच. कार्ड वाईट नाही. पूर्ण बिल तारखेच्या आत भरणाऱ्याला ते महिना-दीड महिना बिनव्याजी उधारी देतं, आमच्या पेठेतल्या दुकानदारासारखीच. पण पत कमावण्याच्या नादात जो व्याज भरत बसतो, तो वाटी शिगोशीग करण्याऐवजी पातेलंच देऊन येतोय.

या सगळ्याहून मला जास्त बोचतं ते जामीनकीचं. पूर्वी शेजाऱ्याला जामीन राहायला नकार देणं अवघड होतं. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागे, आणि ते तोंडावर सांगावं लागे: तुझा भरवसा वाटत नाही. त्यापेक्षा लोक सही करायचे, आणि सही केली म्हणून त्या माणसावर लक्षही ठेवायचे. आता जामीन राहिलेलं कर्ज आपल्याही अहवालात येतं. त्यानं थकवलं की डाग आपल्यालाही. म्हणून आजकाल एकच उत्तर ऐकू येतं: "माझं सिबिल खराब होईल रे." यात कुणाचा अपमान होत नाही आणि कुणाची मदतही होत नाही. आकडा सांभाळणारा माणूस चुकीचा वागतोय असं मला छातीठोक म्हणता येत नाही. त्यालाही लेकरं आहेत, उद्या त्यालाही कर्ज लागणार आहे. पण ज्या गोष्टीमुळं आपल्यावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून ती जपायची, तिच्यामुळंच आपण दुसऱ्यावर विश्वास ठेवायचं सोडलं, तर ती पत कसली?

तात्यांनी शेवटी ठेवीवरचं कार्ड घेतलं. कुरकुरत घेतलं. गाईंची पेंड आणि गॅसचा सिलिंडर, दोनच गोष्टी त्यावर. बिलाची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवायचे आणि चार दिवस आधीच सुनेकडून भरून घ्यायचे. वर्षभरानं आकडा आला 768. गाईंचं कर्ज झालं. आकडा त्यांनी पारावर एकदा सांगितला, दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितला नाही.

मागच्या दिवाळीनंतर पाइपलाइनवाला त्यांच्याकडं आला. पोराच्या कर्जाला जामीनदार हवा होता. भाचा त्या दिवशी गावी होता. त्यानं तात्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं: त्याचे जुने शेरे, आपल्या अहवालावर येणारा बोजा, एवढ्या मेहनतीनं केलेला आकडा. तात्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत. मग चष्मा मागवला आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.

कर्ज मंजूर झालं. पोरगं शिकत असेपर्यंत मुद्दलाला हात लावायचा नाही, पण व्याज महिन्याच्या महिन्याला भरायचं असं बापानंच ठरवलंय. आजवर पाच महिने झाले. चार वेळा वेळेवर, एकदा नऊ दिवस उशिरा, त्या महिन्यात कांद्याला भाव नव्हता. महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी तात्या काठी घेऊन त्याच्या वस्तीवर जातात. पैशाचं काही विचारत नाहीत. गोठ्यात जाऊन जनावरं बघतात, चहा घेतात, अंधार पडायच्या आत परत येतात.